सचिव कोण होणार?

विषय अध्यापक मंडळांच्या आणि शिक्षक संघटनांच्या वार्षिक सभांची पत्रं शाळाशाळांत येऊ लागली आहेत. विषयपत्रिकेत ‘नवीन कार्यकारिणीची निवड’ हा विषय बहुधा तळाशी असतो. तो येईपर्यंत निम्मी सभा एसटी पकडायला निघून गेलेली असते. उरलेल्यांपैकी कुणीतरी ‘आहे तीच बॉडी राहू द्या’ असं सुचवतं, शेजारचा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात. निवड बिनविरोध झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात येते, फोटोसकट. या बिनविरोध निवडींचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला त्यांची काळजी वाटते. पुष्कळदा तिथे एकमत झालेलं नसतं, दुसरं कुणी तयार झालेलं नसतं इतकंच.

तयार न होणारे शिक्षक कामचुकार असतात असं कुणी समजू नये. ज्यांच्या वर्गात मुलं रमतात आणि नव्या पाठ्यपुस्तकातली अडचण ज्यांना सगळ्यात आधी दिसते, असेच बरेच जण त्यांत असतात. ‘मला पद नको, काम सांगा, करतो,’ असं ते मनापासून म्हणतात. पण काही कामं पदाशिवाय होतच नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायच्या निवेदनावर अध्यक्ष आणि सचिवांची सही लागते, बँकेत खजिनदाराची. अभ्यासक्रमावर म्हणणं मांडायला मंडळाचा प्रतिनिधी बोलावला, तर ज्याच्याकडे पद आहे तोच जातो. त्याने गेल्या दहा वर्षांत तो विषय शिकवला नसला तरी तोच जातो.

पदाविषयीचा हा संकोच उगाच आलेला नाही. संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतल्या साधारण बाराव्या हिश्श्याच्या जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या ठरवल्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ आमदार शिक्षक मतदारसंघांतून येतात. त्यामुळे माध्यमिक शाळेतले एखादे सर संघटनेत जरा पुढे दिसू लागले की स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू होते, सरांना आमदारकीचे वेध लागलेत. प्राथमिक शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही, पण त्यांच्याकडे पतसंस्था आणि शिक्षक बँका आहेत, आणि तिथे संघटनांची पॅनेलं कशा ईर्ष्येने लढतात हे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या कुणालाही विचारावं. शिवाय बदल्या होत्याच. २०१७च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. त्याआधी पदाधिकाऱ्याला सोयीची शाळा मिळते, हा समज गावोगाव पक्का होता. अशा वातावरणात सरळमार्गी शिक्षक पदापासून चार हात लांब राहिला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

तरीही लांब राहण्याची किंमत मोठी आहे, आणि ती मुलांनाही मोजावी लागते.

पुढे आलेल्या शिक्षकांनी काय उभं केलं ते बघा. डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स स्थापन झाली. आज ती देशभर घेत असलेल्या राष्ट्रीय प्रमाणित परीक्षा ही विज्ञानातल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची पहिली पायरी आहे. ती पायरी चढून पुढे गेलेली मुलं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शिबिरापर्यंत पोहोचतात. मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, मग प्रकल्प आणि मुलाखत. अनेक पालकांना ही सरकारी परीक्षा वाटते. प्रात्यक्षिकाचं सामान मांडायचं, परीक्षक गोळा करायचे, केंद्र मिळवायचं, हे आपल्या शाळेची नोकरी सांभाळून शिक्षक करत आले आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने कधीतरी ‘ही जबाबदारी मी घेतो’ असं म्हटलं होतं, म्हणून हे घडलं.

हक्कांच्या लढाईतही तेच. १९७७च्या कायद्याने खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची वाट दिली. पण संस्थाचालकांशी भांडण झालेला एकटा शिक्षक त्या वाटेने चालू लागतो, तेव्हा कागद तपासून द्यायला, वकील सुचवायला आणि तारखेला सोबत बसायला संघटनेतलंच कुणीतरी लागतं.

आणि आत्ता तर वेळही नेमकी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे पन्नास तास कशाचे असावेत, ते कोण ठरवणार? भूगोलाच्या शिक्षकाला नकाशावाचनात काय अडतं हे भूगोल शिकवणाऱ्यालाच ठाऊक. विषय मंडळात जिवंत कार्यकारिणी असेल तर ती आराखडा घेऊन अधिकाऱ्यांसमोर बसू शकते. नसेल, तर प्रशिक्षण वरून येईल आणि आपण हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून वह्या तपासू.

सचिवाचं काम नेमकं काय असतं, हे नव्या माणसाला कुणी सांगतच नाही. इतिवृत्त सभेनंतर आठवडाभरात लिहून झालं पाहिजे. सभासदांची यादी दर वर्षी नवी करायची. हिशेब खजिनदाराकडून वेळेवर घेऊन ऑडिटला द्यायचे. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा. हा एक कागद राहिला की पुढे फार त्रास होतो. नोंदीत नावं जुनीच राहतात, त्यांतले काही निवृत्त, काही दिवंगत, आणि एके दिवशी बँक विचारते की सही नेमकी कुणाची चालते. यातलं काहीही अवघड नाही. दहावीचा निकाल वेळेत लावणाऱ्याला हे सहज जमेल. फक्त जाणाऱ्या सचिवाने येणाऱ्याला वर्षभर सोबत घेतलं पाहिजे. सहसचिव हे पद त्यासाठीच वापरावं, नाराज गटाची सोय म्हणून नव्हे.

बाईंबद्दल वेगळं बोलायला हवं. सावित्रीबाई फुले यांनी १८४८मध्ये पुण्यात शिकवायला सुरुवात केली. आज प्राथमिक शाळांच्या स्टाफरूममध्ये बायका मोठ्या संख्येने दिसतात, पण कार्यकारिणीच्या फोटोत त्या कडेला, ‘महिला आघाडी’च्या पाटीखाली असतात. त्यांना इच्छा नसते हे कारण मला पटत नाही. सभा संध्याकाळी सहाला तालुक्याच्या गावी ठेवली, तर शेवटची गाडी पकडायची असलेल्या बाई येणार कशा? शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर दोन तासांची सभा घेता येते. घेऊन बघा, कोण कोण येतं ते. आणि आलेल्या बाईंना आघाडी देऊ नका, खजिना द्या, सचिवपद द्या.

मंडळांना माझी विनंती आहे की सभेच्या पत्रातच रिकामी होणारी पदं लिहा, प्रत्येकाचं काम दोन ओळींत लिहा, मुदत लिहा, आणि सलग दोन मुदतींनंतर तेच पद त्याच व्यक्तीला नाही हे घटनेत घाला. शिक्षकांना विनंती आहे की कुणी सुचवेल म्हणून थांबू नका. सभेच्या आठ दिवस आधी विद्यमान सचिवांना साधा मेसेज पाठवा: मला अमुक जबाबदारी घ्यायची आहे, मी हे काम करेन, मला सूचक-अनुमोदक आहेत. आमदारकीची कुजबुज होईल, होऊ द्या. वर्षअखेरीला इतिवृत्ताची वही आणि हिशेब सभेसमोर ठेवलात की ती आपोआप बंद पडेल.

मुख्याध्यापकांनाही एक सांगणं आहे. आपल्या शाळेतल्या बाई जिल्हा मंडळावर गेल्या तर त्यांच्यावर वर्षभरासाठी परीक्षा विभाग आणि स्नेहसंमेलन दोन्ही टाकू नका. एक काम कमी करा आणि वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास मोकळा सोडा.