विमानाचा पंख आणि फायबरची शेड

ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘तेजस मार्क १ए’ने उड्डाण केले. या विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा कार्बन तंतू व रेझिन यांच्या संमिश्रांचा आहे. साहजिकच अंबड-सातपूरपासून भोसरीपर्यंत बसचे डॅशबोर्ड नि पाण्याच्या टाक्या घडविणाऱ्या फायबरच्या छोट्या कारखानदारांना ‘विमानउद्योगात या’ असा उपदेश करणाऱ्यांची आता वाण नाही. उपदेश फुकट असतो. तो मानणाऱ्याला घर गहाण टाकावे लागते.

हे काम म्हणजे जुन्याच कामाची सुधारलेली आवृत्ती नव्हे. शेडमधला कामगार मोल्डवर काचेची मॅट अंथरतो, ब्रशने रेझिन भरतो, रोलर फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी माल मोल्डमधून सुटतो. विमानाच्या भागासाठी मात्र आधीच रेझिन भरलेले कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे १८ अंशांवर साठवावे लागते. बाहेर घालविलेला प्रत्येक तास नोंदवावा लागतो. मुदत उलटली की महागडे कापड टाकून द्यावे लागते. मग धूळविरहित खोली, १८० अंशांपर्यंत तापमान व वातावरणाच्या सहा-सात पट दाब देणारी ऑटोक्लेव्ह भट्टी, आतली पोकळी शोधणारी अल्ट्रासॉनिक तपासणी. वर एएस ९१०० प्रमाणपत्र, आणि अनेक ग्राहक नॅडकॅप ही वेगळी मान्यताही मागतात. पहिला नमुना मंजूर होईपर्यंत पगार कोठून द्यायचे? ही शिस्त अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आकाशात जाणाऱ्या वस्तूत हयगयीला जागा नाही. प्रश्न तिचा खर्च कोणी सोसायचा, हा आहे.

भल्याभल्यांची यात काय गत झाली तेही पाहावे. बळकट कार्बन तंतू बनविण्याची पद्धत १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या सरकारी संस्थेत सिद्ध झाली. रोल्स-रॉइसने आरबी २११ इंजिनाच्या पंख्याची पाती त्या तंतूची करावयाचे ठरविले. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकेनात, टायटॅनियमकडे वळावे लागले, आणि या इंजिनाच्या वाढत्या खर्चाखाली कंपनी फेब्रुवारी १९७१मध्ये दिवाळखोर झाली. तिला वाचविले ते राष्ट्रीयीकरणाने, आणि तेही हीथ यांच्या हुजूरपक्षीय सरकारने! अंबडच्या शेडसाठी असा राजाश्रय नाही. तिच्यासाठी बँकेची नोटीस आहे.

तेजसच्या संमिश्र भागांचे तंत्रही बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजसारख्या सार्वजनिक संस्थांत, जनतेच्या पैशाने घडले. मग ते वापरण्याची साधने तेवढी खाजगी कर्जावर का उभी राहावीत? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ओझरच्या आसपास सामाईक ऑटोक्लेव्ह, शीतगृह व चाचणी-प्रयोगशाळा उभारून तासाच्या भाड्याने द्यावी. ज्या राज्यात उसासाठी सहकारी कारखाने निघाले, तेथे हे अशक्य नाही. पहिल्या नमुन्याचा खर्च ऑर्डर देणाऱ्याने आगाऊ द्यावा. लघुउद्योगाची देणी ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६च्या कायद्याने घातलेच आहे. परंतु ज्याच्या ऑर्डरवर शेड जगते त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास कोण धजावेल? म्हणून ही वसुली सरकारने आपणहून करावी.

आणि कामगार? विमानाच्या भागाचा प्रत्येक थर कोणी अंथरला याची नोंद वर्षानुवर्षे जपावी लागते. तो अंथरणारा मात्र कार्बनच्या धुळीत कंत्राटावर राबत असतो. त्याला कायम करण्याची आणि धूळ खेचणारी यंत्रणा बसविण्याची अट ऑर्डरमध्येच घातली पाहिजे. नाशिकच्या कामगार संघटनांनी ही मागणी आताच, पहिली शेड या कामात उतरण्यापूर्वी, पुढे रेटावी.