बक्षिसी म्हणजे पगार नव्हे

मोबाईलवरून जेवण मागवताना एक रकाना येतो : आणून देणाऱ्याला टिप द्यायची का? आपल्यातल्या अनेकजणी तिथे चांगल्या मनाने बोट ठेवतात. ते मन खोटं नाही. पण तो पैसा पुढे जातो कुठे, हे विचारायला हवं. अमेरिकेत विचारलं गेलं, तेव्हा भलतंच बाहेर आलं.

डोअरडॅश ही तिथली जेवण पोचवणारी सर्वांत मोठी कंपनी. 2017 ते 2019 या काळात ती दर फेरीला ठरावीक रकमेची हमी देत असे. समजा, हमी 7 डॉलरची. गिऱ्हाइकाने टिप दिलीच नाही तर कंपनी स्वतःचे 7 डॉलर देई. गिऱ्हाइकाने 3 दिले तर कंपनी 4 देई. गिऱ्हाइकाने 6 दिले तर कंपनीचा फक्त 1. कामगाराच्या हाती तिन्ही वेळा सातच! गिऱ्हाइकाला वाटे, आपण कष्टकऱ्याला देतोय. प्रत्यक्षात तो कंपनीचा मजुरीखर्च उचलत होता. आणि कंपनी म्हणायला मोकळी, की टिपेची पै न् पै कामगारालाच मिळते. बोभाटा झाल्यावर 2019 मध्ये ही पद्धत बदलली. न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून 1 कोटी 67 लाख 50 हजार डॉलर द्यायचं ठरलं, ते फेब्रुवारी 2025 मध्ये. म्हणजे साडेपाच वर्षांनी. अॅमेझॉनच्या गाडीवाल्यांचीही तीच गत : टिप शंभर टक्के तुमचीच, असं सांगून त्यातूनच मजुरी भागवली गेली. 2021 मध्ये 6 कोटी 17 लाख डॉलर परत करायची वेळ आली.

यात बायकांचा प्रश्न कुठे आला? इथेच आला. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायचा राष्ट्रीय किमान दर 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकला आहे. टिप धरून 7.25 भरले की मालक सुटला. डोअरडॅशने हाच जुना हिशेब मोबाईलमध्ये घातला. आणि टिपेवर जगणाऱ्या त्या कामगारांत बहुसंख्य बायका आहेत.

आपल्याकडे तर ही चाल घरातलीच. धुणंभांडी करणाऱ्या बाईला दिवाळीचा पोस्त आणि जुनी साडी द्यायची, पगारवाढीचं नाव काढलं की तोंड फिरवायचं. अंगणवाडी सेविकेला ‘मानधन’, आशा तर नावातच ‘स्वयंसेविका’. आता जेवण पोचवणारी ‘पार्टनर’. मजुरीला मजुरी म्हटलं की कायदा लागू होतो ना! अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं.

शिवाय टिप देणारा हात वरचा असतो. रात्री अनोळखी दारात उभ्या असलेल्या बाईने हसून बोलायचं, नकोशी सलगी गिळायची, कारण टिपही त्याच्या हातात आणि तारेही. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, अमेरिकेत काही गिऱ्हाइकांनी मोठ्या टिपेचं आमिष दाखवून सामान लवकर मागवलं आणि ते घरात येताच टिप काढून घेतली. हक्काची मजुरी अशी काढून घेता येत नाही.

म्हणून ‘टिप भरपूर द्या’ हा आपल्या भल्या मैत्रिणींचा उपाय मला पटत नाही. द्या, जरूर द्या, जमल्यास रोख हातात द्या. पण चळवळीची मागणी ती नव्हे. न्यूयॉर्क शहरात जेवण पोचवणारे स्थलांतरित कामगार संघटित झाले आणि डिसेंबर 2023 पासून टिप वगळून तासाला 17.96 डॉलरचा किमान दर लागू झाला. त्यावर कंपन्यांनी काय केलं? टिपेचा रकानाच उचलून ऑर्डर दिल्यानंतर, नजरेआड नेऊन ठेवला. टिपेचा कळवळा इतकाच होता.

आपली 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. तिच्यात या कामगारांचं नाव आहे, कल्याणनिधी आहे, किमान वेतन मात्र नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत घरकामगार आणि अंगणवाडी संघटनांसोबत या मुलींनाही बोलवा. मागणी साधी ठेवा : टिप सोडून फेरीचा किमान दर, हॉटेलच्या दारात ताटकळण्याच्या वेळेचेही पैसे, आणि हिशेबात मजुरी व टिप वेगवेगळी दाखवलेली.