गिटहबने कुलूप बदललं, पण घाबरले आपण!

शुक्रवारी, २४ मार्च २०२३ ला सकाळी गिट पुश करताना तुमच्याही स्क्रीनवर तो भलामोठा इशारा आला का? 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड', आणि खाली 'कोणीतरी काहीतरी वाईट करत असू शकतं' अशा अर्थाची ओळख. बऱ्याच जणांना वाटलं की आपला फोन किंवा लॅपटॉप हॅक झाला. तसं काही नव्हतं. बदल गिटहबच्या बाजूने झाला होता.

झालं असं की गिटहबच्या सर्व्हरची आरएसए प्रकारची खाजगी एसएसएच की थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली. हो, गिटहबचीच की, गिटहबवरच! लक्षात आल्यावर त्यांनी आपल्याकडे साधारण साडेदहा वाजता नवी की लावली. कुणी जुनीचा गैरवापर केल्याचं दिसलेलं नाही, खबरदारी म्हणून बदलली, असं कंपनीचं म्हणणं आहे.

इथे दोन चाव्यांचा गोंधळ होतो. तुम्ही सेटिंगमध्ये टाकलेली की तुमची ओळख सांगते. होस्ट की सर्व्हरची ओळख सांगते. पहिल्यांदा कनेक्ट होताना आपण डोळे झाकून 'येस' टाइप करतो ना, तेव्हा ती 'नोन होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये साठवली जाते. पुढच्या वेळी वेगळी की दिसली की एसएसएच दार बंद करतं. उघडी पडलेली की कुणाच्या हाती लागली असती, तर तो मधे बसून 'मीच गिटहब' म्हणू शकला असता, तुमचा कोड घेऊ शकला असता किंवा पुल करताना भलताच कोड देऊ शकला असता. गिटहबच्या आतल्या डेटापर्यंत मात्र त्या कीने पोचता येत नाही.

शेजारच्या मित्राला काहीच का आलं नाही? तो एचटीटीपीएस वापरत असेल, नाहीतर त्याच्या मशीनने ईडी२५५१९ किंवा ईसीडीएसए की साठवली असेल. त्या दोन्ही बदललेल्या नाहीत.

उपाय सोपा आहे. एसएसएच-कीजेन कमांडला मोठ्या आर चा पर्याय देऊन गिटहबची जुनी नोंद काढा. टर्मक्सवरही हेच चालतं. मग पुन्हा कनेक्ट करा, पण 'येस' म्हणण्याआधी समोर आलेला फिंगरप्रिंट गिटहबच्या अधिकृत पानावरच्या फिंगरप्रिंटशी जुळवा. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. ते गाळलंत तर जुनी नोंद काढण्याला काही अर्थच राहत नाही.

त्यानंतरही 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' आलं, तर तो वेगळा आजार. तिथे सर्व्हर तुम्हाला ओळखत नाहीये. की खात्यात जोडली आहे का, आणि खाजगी कीची फाइल फक्त तुम्हालाच वाचता येते का (परवानगी ६००), ते बघा.

मला खरी भीती वाटते ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या 'जुगाडा'ची: होस्ट की तपासणीच कायमची बंद करा! एका मित्राने मलाही तो पाठवला, वर 'चालतंय भाऊ' असा शेरा. चालणारच. तपासणी बंद केल्यावर समोर कुणीही असलं तरी चालतंच. ती ओळ कॉन्फिग फाइलमध्ये टाकून बसला असाल, तर आज काढून टाका.