पान्हा चोरणारी गाय आणि कृषी पदवीचा अभ्यासक्रम

गाय पान्हा चोरते, ही तक्रार कुठल्याही गोठ्यात ऐकायला मिळते. मग गाय चोर ठरते आणि तिच्या पाठीत काठी बसते. विज्ञान मात्र वेगळंच सांगतं. कासेतलं दूध सडात उतरवण्याचं काम ऑक्सिटोसिन हे संप्रेरक करतं. जनावर भेदरलं की अॅड्रेनालिन वाढतं आणि तेच काम अडतं. म्हणजे काठी जितकी जास्त, तितकं दूध कमी.

ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगणार कोण? उत्तर सोपं वाटतं: कृषी पदवीधर. पण त्याला ती शिकवली जाते का, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आत्ताच विचारायला कारण आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार २०२४-२५ पासून कृषी पदवीचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात कौशल्यांवर भर आहे, पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. पशुपालन आणि कुक्कुटपालन हा विषय कृषी पदवीला आधीपासूनच आहे. जाती, खाद्य, उत्पादन, रोग हे सगळं त्यात येतं. जनावराला वेदना, भीती, तहान, उष्णता किती सोसावी लागते हे मोजायला शिकवणं मात्र पशुवैद्यकाचं काम समजलं जातं.

कर्जत-खालापुरात हे का महत्त्वाचं?

(कर्जत म्हणजे रायगडचं, अहिल्यानगरचं नव्हे.) दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतला आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' या भाताच्या जाती इथल्याच. भातातलं संशोधन इथून बांधापर्यंत पोचलं, पण त्याच बांधावर चिखलणी करणाऱ्या बैलाच्या खांद्याकडे कुणी बघायचं?

खांदेसूज हे त्याचं साधं उदाहरण. जू खडबडीत असलं किंवा जोडीतल्या बैलांची उंची जुळत नसली की खांदा सुजतो. उपाय लाखाचा नाही, जू गुळगुळीत करणं आणि जोडी नीट जुळवणं एवढाच आहे. त्याऐवजी दुखऱ्या जागी डाग देण्याचा जुना इलाज कुठे कुठे अजून चालतो. पावसाचंही तसंच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराचे खूर खराब होणारच. गोठ्याला उतार देणं, कोरडी जागा राखणं ही जनावरावर मेहेरबानी नाही, तो पशुपालनाचाच भाग आहे.

कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. तिथे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे माणसांबरोबर सामानही घोड्यावर चढतं. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. घरगुती गॅसची भरलेली टाकी साधारण ३० किलोची असते. दोन टाक्या नियमात बसतात, तिसरी बसत नाही. याच नियमांत दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम, पाच तासांनंतर विश्रांती आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ काम बंद, हेही आहे. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशीला भिडतो. हा नियम किती गाडीवानांना ठाऊक असेल?

कायदा आहे, सांगणारा नाही

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर सांभाळणाऱ्यावर त्याची काळजी घेण्याची जबाबदारी टाकली. खच्चीकरण, शिंगं काढणं, वेसण घालणं याला त्यात सूट मिळाली, पण 'विहित पद्धतीने' या अटीवर. गंमत अशी की ही पद्धत नीट सांगणारे नियम आले २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल ६३ वर्षांनी. आता खच्चीकरण पशुवैद्यकाने आणि भूल देऊनच करायचं आहे.

त्याच वर्षी १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारी कायदादुरुस्ती वैध ठरवली. त्यावर गावोगाव गुलाल उधळला गेला. शर्यतीच्या अटी मात्र त्या मानाने कमीच लोकांनी वाचल्या.

आणखी एक पेपर कशाला, हा आक्षेप रास्त आहे. अभ्यासक्रम आधीच गच्च आहे. शिवाय दोन जनावरं असलेल्या कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाला शहरी थाटात भूतदया शिकवायला गेलं, तर ते हसतील आणि त्यांचं चुकणार नाही. भूल द्यायची तर पशुवैद्यक वेळेवर यायला हवा. तो येत नसेल तर दोष शेतकऱ्याला देऊन भागत नाही.

म्हणून नव्या पेपरपेक्षा एक जुनी सोय जास्त कामाची वाटते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात जातात. भाताच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया कशी करायची, बियाण्याला औषध कसं चोळायचं याची प्रात्यक्षिकं ते करून दाखवतात. याच यादीत खांदा, खूर, पाण्याची सोय, दावणीची लांबी यांची तपासणी घालता येईल. खर्च जवळपास शून्य. गुण त्यावर दिले, तर विद्यार्थी ती मनापासून करतील.

कुक्कुटपालनात गरज आणखी मोठी आहे. कंपनीशी करार करून वाढवलेला ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विकला जातो. शेडवर भेट देणारा सुपरवायझर अनेकदा कृषी पदवीधरच असतो. त्याच्या वहीत खाद्य, वजन आणि मरतूक यांचे रकाने असतात. उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकणारी कोंबडी मेल्याशिवाय त्यातल्या कुठल्याच रकान्यात येत नाही.