वाटून दिलेली मुले

नाताळ जवळ आला म्हणजे सहकुटुंब पाहण्याजोग्या ‘हृदयंगम’ चित्रपटांच्या शिफारशी सुरू होतात. त्यांत ‘ऑल माइन टु गिव्ह’ या १९५७ सालच्या अमेरिकन बोलपटाचे नाव अजूनही आढळते. परप्रांतातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ते उद्या आले तर नवल नाही. पोरकी मुले, बर्फाने झाकलेले गाव, ख्रिस्तजन्माचा सण आणि शेवटी एकामागून एक उघडणारी दारे! एवढी सामग्री जमल्यावर तिकिटाबरोबर रुमालही विकावयास हरकत नव्हती. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा चित्रपट हृदयंगम नाही, भयंकर आहे. आणि जे पाहून अंगावर काटा यावा ते पाहून आपले डोळे समाधानाने पाणावत असतील, तर तो केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही.

कथानक थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडहून एक तरुण जोडपे अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांती येते. ज्या चुलत्याच्या भरवशावर ते आले तो आगीत मेलेला, त्याची झोपडी जळून गेलेली. गावकरी मदतीस धावतात, लाकडी घर उभे राहते, संसार मांडला जातो, सहा मुले होतात. चित्रपटाचा मोठा भाग या संसाराचाच आहे आणि तो चांगला वठला आहे, हे मान्य केले पाहिजे. पुढे घटसर्पाने बाप जातो. आई शिवणकाम करून मुलांना जगवते आणि विषमज्वराने तीही जाते. जाताना ती बारा वर्षांच्या थोरल्यावर एक काम सोपवते: भावंडांना चांगली घरे पाहून दे. मग तो पोरगा ऐन नाताळच्या दिवशी बर्फातून वाट तुडवीत दारोदार जातो आणि पाठच्या पाचही जणांना निरनिराळ्या घरी पोहोचवतो. सर्वांत धाकट्या तान्हीला तो घसरगाडीवर घालून नेतो, अनोळखी दार ठोठावतो, तिला त्या घरच्या बाईच्या हवाली करतो आणि स्वतः लाकूडतोड्यांच्या छावणीची वाट धरतो.

ही गोष्ट कल्पित नाही. डेल यून्सन या लेखकाने ती आपल्याच कुळाच्या इतिहासातून घेतली आणि १९४० च्या दशकात प्रसिद्ध केली. त्या मूळ कथेचे नाव होते ‘द डे दे गेव्ह बेबीज अवे’, म्हणजे ‘त्यांनी बाळे देऊन टाकली तो दिवस’. ब्रिटनमध्ये चित्रपटही याच नावाने झळकला. अमेरिकेत मात्र तो ‘ऑल माइन टु गिव्ह’ झाला, म्हणजे ‘देण्यासाठी सारे माझेच’. माझ्या मते सगळी लबाडी या नामांतरात आहे. पहिल्या नावात कर्ता ‘ते’ आहे. ‘ते’ म्हणजे कोण, असा प्रश्न त्या नावातच दडलेला आहे; कोणीतरी मुले दिली, कोणीतरी ती देऊ दिली, कोणीतरी पाहत उभे राहिले. दुसऱ्या नावात हे ‘ते’ अलगद नाहीसे होतात. उरतो एक एकटा उदार मुलगा, आणि आपल्या भावंडांचे दान करण्याचा त्याचा गोड हक्क. षष्ठीचा एक प्रत्यय लावून सबंध गावाला निर्दोष सोडून देण्याचे असे कौशल्य सरकारी खलित्यांतही क्वचितच आढळते, आणि आपण खलिते पुष्कळ वाचलेले आहेत.

त्या गावाकडे जरा निरखून पाहावे. दोन प्रौढ, धडधाकट परदेशस्थांसाठी जे गाव कुऱ्हाडी घेऊन एकत्र येते आणि घर बांधून देते, तेच गाव त्या घरातील सहा लेकरांसाठी एकत्र येत नाही. घर तर उभेच आहे! गावाने तेच चालवावे, कोणी दळण द्यावे, कोणी सरपण, एखाद्या विधवेने मुलांपाशी येऊन राहावे, असे कोणास सुचत नाही. सुचते ते एवढेच की, मूल हवे असेल त्याने एकेक न्यावे. बांधकामात सामुदायिक असलेली माणुसकी संगोपनात एकदम किरकोळ विक्रीची का व्हावी? दिग्दर्शक ॲलन रीझ्नर हा प्रश्न कोठेही विचारीत नाही. मॅक्स स्टायनरचे संगीत तो आपणांसही विचारू देत नाही. प्रश्न ओठांशी येतो न येतो तोच व्हायोलिने उठतात.

अश्रूंचा मला तिटकारा नाही. चित्रपटात रडू आले की तो हीन ठरवणाऱ्या शहाण्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. ग्लिनिस जॉन्सने रंगवलेली आई पाहून ज्याला काही वाटणार नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. रेक्स थॉम्प्सन या बालनटाचा चेहराही विसरता येत नाही. (पॅटी मॅककॉर्मॅक ही मुलगी आदल्याच वर्षी दुसऱ्या एका बोलपटात थंड डोक्याची बालखुनी झाली होती; येथे तीच बिचारी दान दिली जाते.) तक्रार अश्रूंबद्दल नाही, ते कोठे वाहून जातात याबद्दल आहे. येथे ते थोरल्या मुलाच्या त्यागाकडे वळवले जातात. बारा वर्षांच्या पोरावर असा निवाडा करण्याची पाळी यावी हा त्याचा मोठेपणा मानला गेला, की ती कोणाची नामुष्की आहे हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

आईबाप कशाने मेले, हेही बोलपट दैवाच्या खात्यावर टाकतो. घटसर्प आणि विषमज्वर. विषमज्वर रोग्याच्या मलाने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, असे विल्यम बड हा इंग्रज वैद्य १८५० च्या दशकातच सांगत होता. ऐकणारे थोडे होते. घटसर्पावरील प्रतिविष बेरिंग आणि कितासातो यांच्या १८९० च्या संशोधनातून आले. पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास अमेरिकेत आरंभ झाला तो जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात, १९०८ साली. विस्कॉन्सिनच्या त्या मुलांना हे सारे उशिराचे होते, हे खरे. परंतु त्यांच्यासारखी मुले पुढे पोरकी झाली नाहीत, ती ज्या कारणांनी झाली नाहीत, त्यांत नळ, गाळणी आणि लस यांचा वाटा दार उघडणाऱ्या सद्गृहस्थांपेक्षा फार मोठा आहे. आपणांपैकी कोणी पाणीपुरवठ्यात असतील, कोणी आरोग्य खात्यात. त्यांच्यावर नाताळचा बोलपट कोणी काढणार नाही. टाकीवर उभ्या असलेल्या अभियंत्यासाठी व्हायोलिने वाजत नाहीत.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. एका कुटुंबाचे दुर्दैव समाजाच्या माथी कशाला मारता? ते एका कुटुंबापुरते होते कोठे! याच काळात, १८५४ पासून, न्यूयॉर्कच्या ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ने चार्ल्स लोरिंग ब्रेस याच्या प्रेरणेने शहरातील निराधार मुले आगगाडीत घालून पश्चिमेकडील शेतकऱ्यांकडे पाठवण्यास सुरुवात केली. हा प्रघात १९२९ पर्यंत चालला आणि त्या पाऊणशे वर्षांत अदमासे दोन लाख मुले अशी रवाना झाली. गाडी गावात थांबे. मुलांना चर्चमध्ये, नाटकगृहात किंवा सभागृहात उभे करीत. लोक येऊन पाहत आणि निवडून नेत. कित्येकांना खरोखर माया मिळाली, कित्येकांना केवळ राबणूक. सख्खी भावंडे वेगवेगळ्या गावी उतरली. आणि त्यांत अशीही पुष्कळ मुले होती की ज्यांचा बाप किंवा आई जिवंत होती. फक्त दरिद्री होती. म्हणजे यून्सनांच्या घरी जे एका नाताळच्या दिवशी घडले, ते पाऊणशे वर्षे वेळापत्रकाप्रमाणे घडत होते. या रिवाजाला रोषणाई, बर्फ आणि घंटानाद यांची चौकट लावली म्हणजे ‘हृदयंगम कौटुंबिक चित्रपट’ तयार होतो.

अमेरिकेची शरम मात्र अमेरिकेनेच ओळखली, हेही नमूद केले पाहिजे. १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निराधार मुलांच्या प्रश्नावर व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली आणि केवळ दारिद्र्यापायी मुलाला घरापासून तोडू नये, असे तत्त्व तिने मांडले. १९११ मध्ये इलिनॉयने मातांना निर्वाहवेतन देण्याचा कायदा केला, पाठोपाठ इतर राज्यांनी केले आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ती जबाबदारी मध्यवर्ती सरकारपर्यंत पोहोचली. चित्रपट निघाला १९५७ साली. बावीस वर्षे कायदा जुना झाल्यावरही निर्मात्यांना त्या शिवणकाम करणाऱ्या विधवेविषयी सुचले काय, तर तिचे अश्रू आणि तिच्या मुलाची घसरगाडी.

नाताळच्या वाङ्मयाला याहून दुसरी परंपराच नव्हती असेही नाही. १८४३ साली डिकन्सने ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहिले. त्यातला कंजूष म्हातारा सर्वांना आठवतो. पण त्याच पुस्तकात एका भुताच्या झग्याखाली लपलेली दोन हडकुळी, हिंस्र पोरे आहेत, एकाचे नाव अज्ञान, दुसरीचे दैन्य. ही पोरे तुझी काय, असे म्हातारा भुताला विचारतो, आणि उत्तर मिळते की ती मनुष्यमात्राची आहेत. डिकन्स भावविवशतेत कोणाला हार जाणारा नव्हता. पण ‘माझी’ आणि ‘सर्वांची’ यांतला भेद त्याला कळत होता.

आता आपल्याकडे. हे वाचून “आमच्यात असे होत नाही, आमचे एकत्र कुटुंब समर्थ आहे,” असे म्हणणारे पुष्कळ निघतील. होत नाही काय? दादा मेला, वहिनी गेली, म्हणजे तेराव्याच्या पंक्ती उठल्यावर माजघरात जी बैठक बसते ती कोणी पाहिलेली नाही? थोरला काकांकडे, मधला मामाकडे, धाकटी मावशीकडे. आणि या वाटणीला आपण ‘सोय लावली’ असा शब्द वापरतो. जमिनीच्या वाटणीला निदान पंच असतात. त्याहीपूर्वी वार लावून जेवण्याची चाल होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा एकच मुलगा आठवड्याच्या सात घरांत वाटलेला असे. त्यातून मोठे झालेल्यांची चरित्रे आपण अभिमानाने वाचतो. जे त्यातून मोठे झाले नाहीत त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, म्हणून ती पद्धत आपणांस तेजस्वी वाटते. हिंदी चित्रपटाने मात्र एकदा अधिक शहाणपण दाखवले होते. राज कपूर यांनी काढलेल्या आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मध्ये मुंबईच्या वस्तीतील पोरकी बहीणभावंडे ताटातुटीनंतर शेवटी एकाच घरी जातात. तो शेवट भाबडा आहे. पण बहीण श्रीमंताघरी पोहोचली एवढ्याने गोष्ट संपत नाही, भाऊ अजून स्टेशनवर उपाशी आहे, एवढे भान त्या भाबडेपणाला होते.

आणि हे सर्व जुने झाले असे समजू नये. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दूरध्वनीवर फिरणारे निरोप आठवतात काय? अमुक वयाची मुलगी, आईवडील दोघेही गेले, कोणास हवी असल्यास या क्रमांकावर कळवावे. भली माणसे गहिवरून ते निरोप पुढे पाठवीत होती. शासनाला आणि बालहक्क आयोगाला जाहीरपणे बजावावे लागले की, ही रीत बेकायदा आहे आणि अशा मुलाची वार्ता १०९८ या क्रमांकावर अथवा बालकल्याण समितीला द्यावयाची असते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे विहित मार्ग सोडून अनाथ मूल दत्तक देणे आणि घेणे, दोन्ही दंडनीय आहे. म्हणजे चित्रपटातील ती कनवाळू दारे आज आपल्या देशात उघडली, तर आतली मंडळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतील. कायदा कठोर आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, न विचारता मूल घेणारा प्रत्येक मनुष्य कनवाळू असतोच असे नाही, आणि दाराबाहेरून ते ओळखण्याचे साधन त्या बारा वर्षांच्या मुलापाशी नव्हते.

त्याच २०२१ साली दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळावेत अशी केंद्राची योजना जाहीर झाली. ‘मिशन वात्सल्य’खाली विधवेजवळ किंवा नातलगांजवळ राहणाऱ्या गरजू मुलास महिना चार हजार रुपयांचे प्रायोजकत्व देता येते, ते याचसाठी की मूल घरातून उठू नये. रक्कम थोडी आहे, निकष किचकट आहेत, आणि उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला यांच्या शोधात आजी-आजोबांच्या चपला झिजतात. हे दाखले देणारी टेबले कोणाची आहेत, हे या मासिकाच्या वाचकांस मी सांगावयास नको. एक स्वाक्षरी आठवडाभर लांबली म्हणजे कोठेतरी एखादा मामा पुतण्याला नव्हे, भाच्याला म्हणतो, “थोडे दिवस दुसरीकडे राहा.” पाठीमागे संगीत नसते, इतकेच.

तेव्हा मंडळाने हा बोलपट दाखवूच नये, असे मी म्हणत नाही. अवश्य दाखवावा, मुलेही पाहू देत. फक्त फलकावर अमेरिकेतले नाव न लिहिता मूळ कथेचे नाव लिहावे, आणि पडदा पडल्यावर चहाच्या आधी एखाद्या लहान मुलाने विचारले की, “त्या सगळ्यांना एकाच घरी का नाही ठेवले?” तर त्याला गप्प करू नये.