झटके मोजले, झीज राहिली

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे बायकांचा आजार, हे मत चांगलेच रुळले आहे. त्याला आधार आहे तो मोजदादीचा: बहुतेक देशांत हा आजार असलेल्या स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतात. पण आजार किती जणांना झाला आणि झालेल्यांच्या मेंदूचे काय झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर एमआरआयमध्ये शोधावे लागते. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर जो डाग उजळतो, तिथे रक्त आणि मेंदू यांमधला अडसर फुटून दाह पेटलेला असतो. टी-१ प्रतिमेत जो डाग कायमचा काळा राहतो, तिथे मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरणच नव्हे, आतले तंतूही गेलेले असतात. उजळणारे डाग अनेक अभ्यासांत स्त्रियांमध्ये जास्त सापडले. डाग काळे पडण्याचे प्रमाण मात्र पुरुषांत जास्त. झटके, म्हणजे लक्षणे अचानक उसळणे, स्त्रियांना अधिक येतात, अपंगत्व सरासरीने पुरुषांना लवकर गाठते. सुरुवातीपासूनच वाढत जाणाऱ्या प्रकारात तर दोघांची संख्या जवळपास सारखी असते.

यावर आक्षेप असा की, पुरुष डॉक्टरकडे उशिरा जातात, म्हणून हानी जास्त दिसते. उशिराने हानी वाढते, हे खरेच. पण शरीराच्या घडणीचा वाटा त्याने पुसला जात नाही. बारा युरोपीय देशांतल्या गर्भवतींचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेवटच्या तिमाहीत झटके सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत उसळले. हा चढउतार निदानाच्या उशिराचा नव्हे; तो संप्रेरकांकडे बोट दाखवतो. रोमच्या संशोधकांना २००५ साली पुरुष रुग्णांत एस्ट्रॅडिओल या संप्रेरकाचे प्रमाण आणि मेंदूची हानी यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, तरी शोधाची दिशा त्यातून स्पष्ट होते. मग पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक द्यावे का? २००७ च्या अमेरिकी चाचणीत त्याचे जेल वापरल्यावर मेंदूची झीज मंदावलेली दिसली, पण पुरुष होते अवघे १०. एवढ्यावर कोणी जेल चोळू लागणे घातक आहे. स्त्रियांचा आजार सौम्य, असाही अर्थ यातून काढू नये. सरासरी एकेका रुग्णाचे भविष्य सांगत नाही.

म्हणून औषधांच्या चाचण्यांनी झीज आणि अपंगत्वाचे निष्कर्ष स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळे छापावेत. आणि झटके कमी येतात एवढ्यावरून कोणत्याही पुरुष रुग्णाला, त्याच्या डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी, निर्धास्त करू नये.