विश्लेषण : लॉगइन स्वतःचे, माहिती दुसऱ्याची... वेबसाइटवर हे घडते कसे?

प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलमधील एका त्रुटीमुळे लॉगइन केलेल्या कोणालाही दुसऱ्या करदात्याची माहिती पाहता येत होती, हे ऑक्टोबर २०२५मध्ये उघड झाले. यात कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता की ओटीपी चोरीला गेला नव्हता. पोर्टलने फक्त एक प्रश्न विचारायचे राहून गेले होते. तो प्रश्न कोणता आणि तो विचारणे अवघड का असते, याविषयी...

प्राप्तिकर पोर्टलवर काय आढळले?

दोन सुरक्षा संशोधकांना सप्टेंबर २०२५मध्ये ही त्रुटी सापडली. ‘टेकक्रंच’ने दिलेल्या वृत्तानुसार, स्वतःच्या खात्यात लॉगइन केल्यावर पान उघडताना ब्राउजरकडून सर्व्हरला जी विनंती जाते, त्यातील पॅन क्रमांक बदलला की दुसऱ्याची माहिती समोर येत होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, ईमेल, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील असे सारे त्यात होते. त्यासाठी भारी हॅकिंगची गरज नव्हती. ब्राउजरमध्येच असलेली डेव्हलपर टूल्स पुरेशी होती. संबंधित यंत्रणांना कळवल्यानंतर २ ऑक्टोबरपर्यंत त्रुटी दूर झाली. या पोर्टलवर १३.५ कोटींहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, यावरून विषयाचा आवाका लक्षात यावा.

पण दुसऱ्याचा पॅन मिळणार कसा?

पॅन ही ओळख आहे, ते गुपित नाही. भाडेकरार, बँकेचे अर्ज, नोकरीची कागदपत्रे अशा अनेक ठिकाणी तो दिलेला असतो. एवढेच नव्हे, १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे थेट पॅन असतो. एकल मालकीच्या दुकानाबाबत तो मालकाचा वैयक्तिक पॅन असतो आणि जीएसटी क्रमांक बिलावर, पाटीवर छापलेला असतो. त्यामुळे ‘क्रमांक कोणाला माहीत नसेल’ या भरवशावर सुरक्षा उभी राहू शकत नाही.

ओळख आणि अधिकार यांत फरक काय?

लॉगइन करताना वेबसाइट विचारते, ‘तुम्ही कोण?’ पासवर्ड, ओटीपी किंवा बोटाचा ठसा हे त्याचे उत्तर. तांत्रिक भाषेत याला ऑथेंटिकेशन म्हणतात. पुढचा प्रश्न असतो, ‘तुम्ही ही विशिष्ट नोंद पाहू शकता का?’ याला ऑथरायझेशन, म्हणजे अधिकार तपासणी म्हणतात. पहिला प्रश्न एकदा विचारला तरी चालतो. दुसरा मात्र प्रत्येक नोंदीसाठी, प्रत्येक वेळी विचारावा लागतो. बँकेच्या लॉकर खोलीत प्रवेश मिळाला म्हणजे सगळेच लॉकर उघडता येत नाहीत, तसेच हे आहे. प्राप्तिकर पोर्टलवर खोलीच्या दाराशी पहारा होता, लॉकरपाशी नव्हता.

ही चूक दुर्मीळ आहे का?

अजिबात नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या २०२१च्या यादीत सदोष अधिकार तपासणी हा धोका पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्या क्रमांकावर आला. याच संस्थेच्या २०२३च्या एपीआय सुरक्षा यादीतही नोंदनिहाय अधिकार न तपासणे हाच धोका पहिला आहे.

अमेरिकेतील ‘फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल’ या मालमत्ता हक्क विमा (टायटल इन्शुरन्स) कंपनीचे प्रकरण बोलके आहे. मे २०१९मध्ये तिच्या वेबसाइटवरील लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याची घरखरेदीची कागदपत्रे उघडतात, असे समोर आले. तिथे तर लॉगइनचीही गरज नव्हती. २००३पासूनची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रे अशी उघडी होती. कंपनीच्याच सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट काही महिने आधी आली होती, पण दुरुस्ती झाली नाही, असे अमेरिकी बाजार नियामकाने नंतर नमूद केले. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने २०२३मध्ये कंपनीला १० लाख डॉलरचा दंड केला.

चाचणीत ही चूक का सापडत नाही?

कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. विनंतीची रचना बरोबर, वापरकर्ता खरा, सर्व्हरचे उत्तरही व्यवस्थित. ते उत्तर चुकीच्या माणसाला गेले, हे फक्त त्या व्यवहाराचे नियम माहीत असणाऱ्यालाच कळते. शिवाय चाचणी करणारा बहुधा एकाच खात्याने लॉगइन करून ‘माझी माहिती दिसते का’ एवढेच पाहतो. ‘दुसऱ्याची माहिती नाकारली जाते का’ हे पाहायचे राहते. मोबाइल ॲपवर बटण लपवले म्हणजे काम झाले, हा समजही नडतो. बटण दिसले नाही तरी त्यामागची विनंती थेट सर्व्हरला पाठवता येते.

‘सूक्ष्म’ अधिकार तपासणी म्हणजे काय?

गृहनिर्माण संस्थेच्या एखाद्या ॲपचे उदाहरण घेऊ. त्यात सचिव, खजिनदार, सभासद, भाडेकरू आणि वॉचमन अशा भूमिका असतात. भूमिकेनुसार अधिकार देणे ही जुनी आणि सोपी पद्धत. पण ४०२मधील सभासदाला ३०१चा भाडेकरार किंवा नामनिर्देशनाचा अर्ज दिसावा का? दोघेही ‘सभासद’च असल्याने भूमिका याचे उत्तर देत नाही. तिथे नाते पाहावे लागते : ही व्यक्ती या सदनिकेशी कशी जोडलेली आहे? भाडेकरूला आपल्या पाहुण्यांची नोंद दिसावी, शेअर सर्टिफिकेट नाही. आणि करार संपला की पाहुण्यांची नोंदही बंद व्हावी. म्हणजे तारीखही पाहावी लागते. भूमिका, नाते आणि परिस्थिती या तिन्हींचा विचार करून नोंदनिहाय निर्णय घेणे म्हणजे सूक्ष्म अधिकार तपासणी.

गूगलने २०१९मध्ये ‘झांझिबार’ या आपल्या यंत्रणेचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तोही नात्यांवरच आधारित आहे. ड्राइव्हमधील फाइल कोणाला दिसावी किंवा यूट्यूबवरील खासगी व्हिडीओ कोणाला उघडावा, याचे निर्णय तिथे होतात. त्याच धर्तीवर ‘ओपनएफजीए’सारखी मुक्त स्रोत साधनेही आता उपलब्ध आहेत.

चालू वेबसाइटमध्ये ती कशी बसवतात?

सर्वांत आधी यादी करावी लागते : कोणत्या नोंदी आहेत, त्यांवर कोणत्या कृती होतात आणि त्या कोणी करायच्या. यातले अनेक नियम कुठेच लिहिलेले नसतात, कार्यालयातील माणसांच्या डोक्यात असतात. म्हणून हे काम एकट्या प्रोग्रामरचे नाही.

त्यानंतर निर्णय एकाच जागी आणला जातो. पन्नास पानांवर पन्नास वेगवेगळ्या तपासण्या लिहिल्या, तर एक्कावन्नावे पान सुटतेच. मूळ नियम ‘स्पष्ट परवानगी नसेल तर नकार’ असा ठेवला जातो. माहिती मागवतानाच ‘लॉगइन केलेल्या व्यक्तीच्या नोंदी’ एवढीच मर्यादा घातली जाते. नवी तपासणी आधी काही दिवस केवळ नोंद घेण्यापुरती चालवतात. कोणाला नकार मिळाला असता, हे पाहून नियम दुरुस्त करतात आणि मगच ती सक्तीची करतात. दोन खाती उघडून एकाने दुसऱ्याची नोंद मागायची, ही चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवली जाते.

लिंकमध्ये १, २, ३ असे क्रमांक न ठेवता लांबलचक यादृच्छिक क्रमांक वापरल्यास अंदाज बांधणे कठीण होते. पण ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही. लिंक पुढे पाठवली की सारे उघडे.

अडचणी कोणत्या?

पहिली वेगाची. प्रत्येक नोंदीमागे एक तपासणी वाढते. मात्र झांझिबारच्या निबंधानुसार ९५ टक्के तपासण्या १० मिलिसेकंदांच्या आत पूर्ण होतात. त्यामुळे वेग ही तपासणी टाळण्याची सबब ठरत नाही. दुसरी अडचण शिळ्या परवानगीची. वेगासाठी निर्णय साठवून ठेवले आणि दरम्यान एखाद्याचा अधिकार काढला, तर त्याला नवी कागदपत्रेही दिसू शकतात. सोसायटीची निवडणूक होऊन समिती बदलली, तरी माजी सचिवाचे खाते ॲडमिनच राहिले, असे होता कामा नये. अधिकार देण्याइतकेच तो वेळेवर काढून घेणे महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३नुसार सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत माहितीपर्यंतच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवणे आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदी किमान वर्षभर जपणे यांचा समावेश आहे. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

वापरकर्त्याच्या हाती काय?

या बाबतीत फार थोडे. कितीही मजबूत पासवर्ड ठेवला तरी दुसऱ्याच्या खात्यातून होणारी ही गळती थांबत नाही. त्याची जबाबदारी वेबसाइट चालवणाऱ्याची. चुकून दुसऱ्याची माहिती दिसल्यास आणखी क्रमांक बदलून पाहू नयेत, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नयेत. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अडचणीचे ठरू शकते. संबंधित संस्थेला किंवा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवणे योग्य. आणि एखादी संस्था, शाळा किंवा दवाखाना नवे ॲप घेत असेल, तर ‘ओटीपी आहे ना?’ यावर न थांबता पुरवठादाराला एवढेच विचारावे : एका वापरकर्त्याने दुसऱ्याची नोंद मागितली, तर तुमचा सर्व्हर नाही म्हणतो का? समोर बसवून ते करून दाखवायलाही सांगावे. दोन खाती आणि पाच मिनिटे त्याला पुरेशी असतात.